रोबोटनं प्रोस्टेटची शस्त्रक्रिया: तारीख मिळाल्यापासून लघवीवर ताबा येईपर्यंत

बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरात एकच घाई सुटते: उद्याच्या उद्या ऑपरेशन उरकून टाका. प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या) कॅन्सरमध्ये ही घाई बहुतेक वेळा नडते. बायोप्सीच्या सुयांमुळे प्रोस्टेटभोवती सूज येते, रक्त साकळतं आणि मागची गुदाशयाची भिंत चिकटल्यासारखी होते. अशा वेळी ती सोडवताना इजा होण्याची भीती जास्त. म्हणून सर्जन साधारण सहा ते आठ आठवडे थांबायला सांगतात. हा आजार बहुतेकांत सावकाश वाढतो, त्यामुळे एवढं थांबल्यानं सहसा काही बिघडत नाही. उलट हे आठवडे नीट वापरले तर पुढचा बराच त्रास वाचतो, आणि हे सगळं लिहिण्याचं कारण तेच आहे. ऑपरेशनचे तीन-चार तास सर्जनच्या हातात असतात, पण त्याआधीचे आणि नंतरचे आठवडे तुमच्या घरातच जातात.

तरीही आधी एक गोष्ट तपासा: ऑपरेशन खरंच हवंय का? ग्लीसन स्कोअर (बायोप्सीतल्या पेशी किती आक्रमक दिसतात याचा आकडा) ३+३=६ असेल आणि पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या प्रथिनाची तपासणी) फार वाढलेला नसेल, तर नियमित तपासण्या करत नुसतं लक्ष ठेवणं हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. ब्रिटनमध्ये १,६४३ पुरुषांवर झालेल्या 'प्रोटेक्ट' अभ्यासात काहींवर लक्ष ठेवलं, काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशन दिलं. १५ वर्षांनी प्रोस्टेट कॅन्सरनं झालेल्या मृत्यूंचं प्रमाण तिन्ही गटांत सुमारे ३ टक्केच होतं. हे सगळे प्रोस्टेटपुरता मर्यादित आजार असलेले रुग्ण होते आणि त्यांतले बरेचसे कमी जोखमीचे होते. ग्लीसन ८ ते १० असेल तर गणित वेगळं होतं. पण कोणत्याही गटात असलात तरी सर्जनबरोबर रेडिएशनच्या डॉक्टरांनाही एकदा भेटा. दुसरं मत घेतलं म्हणून पहिले डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तर दुसरं मत घ्यायला आणखी एक कारण मिळालं.

रोबोट स्वतःहून काही करत नाही

'रोबोट ऑपरेशन करणार' या शब्दांनी खूप गैरसमज होतो. सर्जन त्याच खोलीत, टेबलापासून काही फुटांवर कन्सोलला बसतात. डोळ्यांसमोर सुमारे दहापट मोठं, खोली दाखवणारं त्रिमितीय चित्र असतं. बोटांच्या हालचाली यंत्राच्या हातांपर्यंत पोचतात. हाताचा कंप गाळला जातो आणि मोठी हालचाल आत छोटी होऊन उमटते. अवजारांची टोकं मनगटासारखी वळतात, त्यामुळे ओटीपोटाच्या तळाशी, साध्या दुर्बिणीतून टाके घालणं अवघड जातं अशा जागीही शिवता येतं. अशा यंत्रांपैकी दा विंचीला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. आता भारतीय बनावटीचं एसएसआय मंत्रा हे यंत्रही वापरात आहे.

रोबोटनं नक्की मिळतं ते हे: रक्तस्राव कमी, जखमा लहान, घरी लवकर. लघवीचा ताबा आणि लैंगिक क्षमता मात्र रोबोटमुळे आपोआप चांगली राहते असं नाही. ऑस्ट्रेलियात उघडं ऑपरेशन आणि रोबोट यांची चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना झाली. तिच्यात दोन वर्षांनी या दोन्ही बाबतींत मोठा फरक दिसला नाही. फरक पडतो तो हात किती सरावलेला आहे यानं. म्हणून यंत्र कोणत्या मॉडेलचं आहे हे विचारण्यापेक्षा सर्जनना विचारा: हेच ऑपरेशन तुम्ही स्वतः आतापर्यंत किती केलीत? वर्षभरानंतर तुमच्या किती रुग्णांना लघवीच्या गळतीसाठी एकही पॅड लागत नाही? 'एक सेफ्टी पॅड चालतो' याला काही जण 'कोरडा' म्हणतात, काही म्हणत नाहीत, तेव्हा व्याख्याही विचारून घ्या. माझ्या बाबतीत प्रोस्टेटलगतच्या ताठरतेच्या नसा वाचवणार का, एका बाजूच्या की दोन्ही, हाही प्रश्न आत्ताच विचारायचा.

पैशांचं बोलणं आधी

रोबोटच्या अवजारांवर वापराची मोजणी असते. ठरावीक वेळा वापरून झाली की यंत्रच ती नाकारतं, म्हणून बिलात त्यांची वेगळी ओळ असते. विमा नियामकाच्या १२ आधुनिक उपचारांच्या यादीत रोबोटिक शस्त्रक्रिया आहे, पण कंपनीला त्यावर उपमर्यादा घालता येते. पॉलिसी पाच लाखांची आणि रोबोटसाठी मर्यादा त्याहून बरीच कमी, हे डिस्चार्जच्या दिवशी कळलं तर फार उशीर झालेला असतो. रुग्णालयातल्या टीपीएच्या (विमा कंपनीच्या वतीनं दावे बघणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर पूर्वमंजुरी मागताना उपमर्यादेचा आकडा लेखी घ्या. त्याच यादीत ग्रीन लेझरनं प्रोस्टेट जाळण्याची वेगळी नोंद आहे. ती कॅन्सर नसलेल्या वाढलेल्या प्रोस्टेटसाठी असते, तेव्हा अर्जात चुकीची ओळ पडली नाही ना हे बघा.

ऐपत कमी असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. मुंबईतल्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवकाला भेटायचं आणि उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड सोबत न्यायचं. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्यांनी राहण्याची सोय तारीख मिळताच बघावी. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन ही नावं त्या भागात कुणीही सांगेल, पण जागा ऐनवेळी मिळत नाही.

आधीचे चार आठवडे

गोळ्यांची यादी कागदावर लिहा, वाटल्यास पाकिटांचे फोटो काढा, आणि भूलतज्ज्ञांना दाखवा. रक्त पातळ करणाऱ्या क्लोपिडोग्रेलसारख्या गोळ्या साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात. हृदयात स्टेंट असेल तर हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा, आपल्या मनानं काही बंद करायचं नाही. मधुमेहाच्या डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्या चालू राहिल्या तर साखर जवळपास नॉर्मल दिसत असतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. आपण घेतो ती गोळी याच गटातली आहे हे अनेकांना माहीतच नसतं, कारण पाकिटावर ठळक छापलेलं नाव कंपनीचं असतं.

काचबिंदू असेल तर तो आवर्जून सांगा. ऑपरेशनमध्ये डोकं खाली आणि पाय वर, २५ ते ३० अंशांच्या उतारावर तासन्‌तास ठेवतात, त्यात डोळ्यांतला दाब वाढतो. ही गोष्ट घरच्यांना बिनमहत्त्वाची वाटते आणि राहून जाते.

तंबाखू, मिशरी, बिडी आजपासून बंद. रोज अर्धा-पाऊण तास चालणं सुरू. आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम आत्ताच शिकून घ्यायचा. त्याची रीत पुढे दिली आहे. ऑपरेशननंतर मूत्राशयात ठेवलेली लघवीची नळी असताना तो करता येत नाही आणि नळी निघाल्यावर स्नायू सापडत नाही, असं पुष्कळांचं होतं.

घरात आणून ठेवण्याच्या वस्तू: दोन लिटरच्या दोन युरोबॅग (नळीला जोडायच्या लघवीच्या पिशव्या), मांडीला बांधायची एक छोटी पिशवी (ही कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे सहसा नसते, सर्जिकलच्या दुकानात मिळते), कागदी चिकटपट्टी, दोन-तीन लुंग्या, डायपर पँटचं एक पाकीट, पुरुषांसाठीचे पॅड, गादीवर घालायचं रबरी कापड आणि इसबगोल. एक पलंगही लागेल. मुंबईतल्या कित्येक घरांत गादी जमिनीवर घालतात. तसं झोपलं की पिशवी मूत्राशयाच्या खाली राहूच शकत नाही आणि लघवी उलटी फिरते. दहा दिवसांपुरती खाट शेजारून मागून आणली तरी चालेल.

ऑपरेशनच्या दिवशी

पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात. साधारण सहा छिद्रं पाडतात, त्यांतली रोबोटची जेमतेम ८ मिलिमीटरची. प्रोस्टेट आणि वीर्यकोश सोडवून पिशवीत भरतात, गरजेप्रमाणे लसीकाग्रंथी काढतात, मग मूत्राशयाचं तोंड मूत्रमार्गाला गोल शिवतात. शेवटी बेंबीजवळचं छिद्र थोडं वाढवून पिशवी बाहेर काढतात. शुद्धीवर आल्यावर चेहरा सुजलेला दिसेल आणि खांदा दुखेल. सूज उतारामुळे येते आणि खांद्याचं दुखणं पोटातल्या वायूमुळे. दोन्ही एक-दोन दिवसांत ओसरतं. वृषणाची पिशवी काळीनिळी होऊन फुगणंही नेहमीचं. आडवं पडताना तिच्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवला की बरं वाटतं. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठवून चालवतात. नको म्हणू नका, पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत यासाठी ते आहे. घरी आल्यावरही पोटात टोचायची इंजेक्शनं काहींना चार आठवडे देतात.

नळीचे सात ते दहा दिवस

शिवलेला जोड भरेपर्यंत नळी आतला आधार असते, त्यामुळे तिला जपणं हे या काळातलं सर्वांत मोठं काम. बाहेरच्या टोकाला तिला दोन फाटे असतात. एक पिशवीला जोडलेला. दुसऱ्याच्या टोकाला रंगीत झडप असते, १६ नंबरच्या नळीला नारिंगी, १८ नंबरला लाल. ही झडप आतल्या फुग्याची. फुग्यात पाणी भरलेलं असतं आणि त्याच्यावरच नळी अडकून राहते, म्हणून या टोकाला कुणीही हात लावायचा नाही.

नळी मांडीच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीनं लावा आणि वर थोडी सैल सोडा, पाय पसरला तरी ताण येता कामा नये. पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. रात्री खाटेच्या कडेला स्वच्छ बादली ठेवून पिशवी तिच्यात सोडली की दोन्ही साधतं. अर्धी भरली की रिकामी करा. त्याआधी आणि नंतर हात साबणानं धुवायचे.

दिवसातून दोनदा आणि शौचानंतर नळी शिरते ती जागा साध्या साबणानं आणि पाण्यानं धुवा. कातडी मागे घ्या, तपकिरी खपली हलकेच काढा, नळी शरीराकडून बाहेरच्या दिशेनं पुसा, आणि कातडी आठवणीनं पुन्हा पुढे आणा. ती मागेच राहिली तर काही तासांत टोक सुजून कातडी अडकते आणि तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं. हे सांगायला सगळेच संकोचतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिलं.

रंगाचं गणित असं: पातळ कोकम सरबतासारखी लघवी चालते, विशेषतः चालून आल्यावर किंवा शौचाला बसल्यावर. पाणी प्यायल्यावर ती पुन्हा पिवळट व्हायला हवी. दाट लाल किंवा गाठी पडणारी असेल तर फोन करा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार नसेल तर दिवसाला दोन ते अडीच लिटर पाणी प्या.

पिशवीत लघवी यायची थांबली तर घाबरण्याआधी क्रमानं बघा: नळी कुठे मुरडली आहे का, मांडीखाली दबली आहे का, पिशवी वर राहिली आहे का, नळीत गाठ दिसते का. एवढं करूनही तास-दोन तासांत काही आलं नाही, किंवा ओटीपोट ताणून दुखू लागलं, तर ज्या रुग्णालयात ऑपरेशन झालं तिथेच जा.

नळी निसटून बाहेर आली तर गल्लीतल्या दवाखान्यात नवी घालून घेऊ नका. मदत करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी अंदाजानं सारलेली नळी ताज्या टाक्यांमधून पलीकडे जाऊ शकते आणि जोड उसवतो. ऑपरेशन करणाऱ्या टीमला लगेच फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

मधूनच लघवीची जोरात कळ येते आणि नळीच्या बाजूनं थोडी गळते. मूत्राशय आवळल्यामुळे हे होतं आणि बद्धकोष्ठ असेल तर वाढतं. त्यासाठी गोळी मिळते. नळी काढण्याआधी ही गोळी कधी बंद करायची हे विचारून ठेवा. शौचाला कुंथायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, कमोड वापरा. पोट साफ होण्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेलं लॅक्टुलोज किंवा इसबगोल घ्या, पण एनिमा किंवा गुदद्वारातून घालायचं कोणतंही औषध सहा आठवडे वर्ज्य. जोडाच्या मागेच गुदाशय आहे.

१००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, एका पोटरीची सूज आणि दुखणं, धाप, पोट फुगून वाढत जाणारी कळ, सतत उलट्या: यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

नळी निघाल्यावर

त्या दिवशी दोन डायपर पँट आणि एक जास्तीचा पायजमा बरोबर न्या. नळी निघताच लघवी गळणार. ऑपरेशन फसलं असा त्याचा अर्थ नाही. पुरुषाला लघवी रोखायला दोन झडपा असतात. मूत्राशयाच्या तोंडाची आपोआप चालणारी झडप प्रोस्टेटबरोबर मोडते, आणि आतापर्यंत जिच्यावर फारसं काम पडलं नव्हतं त्या खालच्या झडपेला सगळं एकटीनं पेलावं लागतं. व्यायाम तिचाच आहे.

स्नायू असा ओळखा: उभे राहा, समोर आरसा धरा, आणि लघवीची धार मधेच तोडल्यासारखं आवळा. शिश्नाचं मूळ आत ओढलं जाऊन ते किंचित आखूड झालेलं दिसलं आणि वृषण जरासे वर आले, म्हणजे योग्य स्नायू सापडला. पोट कडक झालं, ढुंगण आवळलं, मांड्या जवळ आल्या किंवा श्वास रोखला गेला, तर चुकीचे स्नायू काम करताहेत. बहुतेकांची चूक हीच असते: जोर लावतात. यात जोर लावायचाच नसतो, हलकं वर उचलायचं असतं.

आवळून दहापर्यंत मोजा, सोडा, पुन्हा दहापर्यंत मोजत पूर्ण सैल राहा. असं दहा वेळा. सुरुवातीला तीन-चार आकड्यांतच सुटतं, तिथून वाढवा. मग दहा झटपट आवळणं-सोडणं. दिवसातून तीनदा: एकदा झोपून, एकदा बसून, एकदा उभ्यानं. खरी लघवी करताना मात्र धार तोडण्याचा सराव रोज करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. आणि सर्वांत उपयोगी सवय: खोकला, शिंक, खुर्चीतून उठणं, पिशवी उचलणं, या प्रत्येकाच्या क्षणभर आधी आवळायचं. पंधरा दिवस करूनही जमत नसेल तर या विषयातल्या फिजिओथेरपिस्टना दाखवा. शंभर वेळा चुकीचं करण्यापेक्षा एकदा शिकणं बरं.

प्रगती डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, कोऱ्या पॅडचं वजन लिहा. आठवड्यातून एक दिवस चोवीस तासांतले सगळे ओले पॅड पिशवीत बांधून त्यांचं वजन करा आणि तेवढ्या कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर. कोरा पॅड ३० ग्रॅमचा, चार ओले मिळून ४२० ग्रॅम, तर गळती ३०० मिलिलिटर. पुढच्या आठवड्यात हाच आकडा २२० आला तर तुम्हाला तसंच ओलं वाटत असलं तरी सुधारणा होते आहे. संध्याकाळी जास्त गळतं, कारण स्नायू थकतो. रात्री झोपेतलं ओलं होणं सहसा आधी थांबतं. बहुतेक जण तीन ते सहा महिन्यांत बऱ्यापैकी कोरडे होतात, काहींना वर्ष लागतं. चहा-कॉफी कमी करा, पाणी कमी करू नका. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं.

काही महिन्यांनी धार बारीक होत गेली, जोर लावावा लागला, तर जोडाची जागा आकसली असण्याची शक्यता असते. तेव्हा नुसते व्यायाम वाढवून उपयोग नाही, डॉक्टरांना दाखवा.

प्रवास आणि काम

चाळीचे जिने सावकाश चढायला हरकत नाही. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, म्हणजे पाण्याची कळशी नाही, गॅस सिलिंडर तर नाहीच. बेंबीजवळच्या जखमेतून हर्निया येतो तो याच काळातल्या उचलण्यानं. सायकल, स्कूटर सहा आठवडे बंद. डोंबिवली-विरारची गर्दीची लोकलही तोवर टाळा, कोपर लागलं तर पोटालाच लागतं. डिस्चार्जच्या दिवशी टॅक्सीत बसण्याआधी पिशवी रिकामी करा, सीटबेल्ट आणि पोट यांच्यामध्ये छोटी उशी धरा. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नळी लावून चालायचं नाही. गणपतीला कोकणात जायचं मनात असेल तर ऑपरेशनची तारीखच त्या हिशेबानं घ्या. दहा-बारा तास एसटीत पाय लोंबकळत बसणं पहिल्या सहा आठवड्यांत गुठळ्यांना आमंत्रण आहे.

नवरा-बायकोनं एकत्र ऐकायची गोष्ट

वीर्य आता येणार नाही, कायमचं. समाधानाची संवेदना राहते. अजून मूल हवं असेल तर ऑपरेशनच्या आधी शुक्राणू साठवून ठेवा. नसा वाचवल्या असल्या तरी ताठरता परतायला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत वेळ लागतो, आणि सगळ्यांची पूर्ण परतत नाही. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल नळी निघाल्यानंतर डॉक्टर सुरू करतात, व्हॅक्युम पंपाचाही उपयोग होतो. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा कोणतीही नायट्रेट गोळी चालू असेल तर या गोळ्या घ्यायच्याच नाहीत, रक्तदाब एकदम कोसळतो. केमिस्टकडून परस्पर आणण्याचा मोह इथे जिवावर बेतू शकतो.

रिपोर्ट आणि पीएसए

काढलेल्या प्रोस्टेटचा रिपोर्ट आला की चार गोष्टी शोधा: अंतिम ग्लीसन, कापलेल्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत का, आजार आवरणाबाहेर किंवा वीर्यकोशात गेला आहे का, आणि ग्रंथी काढल्या असतील तर किती तपासल्या आणि किती बाधित. बायोप्सीतला ग्लीसन आणि हा ग्लीसन वेगळा निघू शकतो, तो प्रयोगशाळेचा घोळ नव्हे. सुईला तुकडे मिळाले होते, आता पूर्ण प्रोस्टेट मिळालं आहे. कड बाधित असली तरी त्याच आठवड्यात रेडिएशन सुरू होतं असं नाही, अनेकदा पीएसएवर लक्ष ठेवून ते ठरवतात.

पहिला पीएसए सहा आठवड्यांनंतर, तीन महिन्यांच्या आत. प्रोस्टेटच उरलं नसल्यानं आकडा ०.१ च्या खाली असायला हवा. ०.२ किंवा जास्त आला आणि पुन्हा केल्यावरही तसाच राहिला, तर आजार परतल्याचं धरतात, आणि अशा वेळी रेडिएशन जितकं लवकर तितकं ते जास्त काम करतं. पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, पुढे वर्षातून एकदा. प्रत्येक वेळी एकाच लॅबमध्ये द्या. यंत्र आणि पद्धत बदलली की ०.०३ चा ०.०६ होतो आणि घरातल्यांची झोप उडते. आकडे एका वहीत तारखेसह लिहा आणि ती वही दर भेटीला न्या.